पळपुट्या माश्यांचे शहाणपण

जबलपूरच्या ओमती चौकातून भेडाघाट वीसेक किलोमीटरवर आहे. नर्मदा परिक्रमेला निघालेली मराठी माणसे धुआंधारचे तुषार अंगावर घेतात, हात जोडतात आणि पुढची वाट धरतात, कारण परिक्रमेत मैया ओलांडायची नाही आणि नावेतही बसायचे नाही. बाकीचे पर्यटक मात्र पंचवटी घाटावरून नाव करतात. नाव संगमरवरी कड्यांमध्ये शिरली की नावाड्याची यमके जुळवत चाललेली बडबड रंगात येते. कुठल्या कड्यात हत्ती दिसतो, कुठे कुठल्या सिनेमाचे चित्रीकरण झाले, सगळे तालात. याच कड्यांच्या पोटाला, पाण्यापासून पुष्कळ उंचावर, काळपट अर्धगोल पोळी लटकलेली असतात. ती आग्या माश्यांची.

त्यांच्या वाटेला कोणी जात नाही, याला जुना इतिहास आहे. लोहमार्गाच्या पाहणीसाठी आलेल्या दोघा इंग्रजांवर इथे आग्या माश्या तुटून पडल्या आणि त्यांतला बॉडिंग्टन नावाचा अभियंता माश्या चुकवण्यासाठी पाण्यात शिरला तो बुडून मेला, अशी नोंद इंग्रजी अमदानीतल्या लिखाणात सापडते.

माणसाला असे पळवून लावणारी ही माशी स्वतः मात्र पक्की पळपुटी आहे. फुलोरा सरला की सगळी वसाहत पोळे जागीच टाकून उठते आणि कित्येक किलोमीटर दूर दुसरीकडे बस्तान मांडते. हंगाम फिरला की माश्या पुन्हा त्याच कड्यावर येतात आणि नवे पोळे बांधतात. मधपाळाच्या दृष्टीने हा मोठाच दोष. पेटीत राहत नाही, एका जागी टिकत नाही, हात लावू देत नाही. पण जगभरच्या मधपाळांची झोप उडवणाऱ्या एका शत्रूचा विचार केला, तर हाच दोष तिचे चिलखत ठरतो.

दोन कोळी

हा शत्रू म्हणजे कोळी वर्गातले परजीवी माइट. गोचिडीच्या कुळातले हे जीव, आकाराने मोहरीच्या दाण्याहून लहान. मधमाशीच्या मागे लागलेले यांतले दोन महत्त्वाचे: व्हरोआ आणि ट्रोपिलिलॅप्स. दोघेही आशियातलेच. व्हरोआची शास्त्रीय नोंद १९०४ साली जावा बेटावरच्या नमुन्यांवरून झाली. तो तिथल्या देशी माशीवर, म्हणजे आपल्या सातेरीच्याच जातीवर सापडला होता. ट्रोपिलिलॅप्सची नोंद १९६१ साली फिलिपीन्समधून झाली. त्याचा मूळ यजमान म्हणजे आग्या माशी.

ट्रोपिलिलॅप्स जेमतेम एक मिलिमीटर लांब, तांबूस आणि चपळ. माश्यांच्या पिलावळीवर, म्हणजे अळ्या आणि कोश यांच्यावर तो पोसतो. मोठ्या माशीच्या कातडीला त्याची सोंड पुरी पडत नाही. त्यामुळे पोळ्यात पिलावळ नसेल तर दोन-तीन दिवसांतच तो उपासमारीने मरतो. आग्या माश्या पोळे सोडून उठतात तेव्हा मागे राहिलेल्या कोळ्यांना खायला काही उरत नाही. अंगावर बसून गेलेले वाटेतच संपतात, कारण नव्या जागी पोळे बांधून त्यात अळ्या दिसेपर्यंत त्यांचा दम टिकत नाही. एका स्थलांतरात घराची साफसफाई होऊन जाते.

पेटीतल्या युरोपीय माशीला, म्हणजे मेलिफेराला, ही सोय नाही. ती भारतात यशस्वीपणे रुजली १९६२ साली. तेव्हाच्या पंजाबातल्या आणि आजच्या हिमाचलातल्या नगरोटा बगवाँ इथे डॉ. ए. एस. अटवाल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तो प्रयोग तडीस नेला. मेलिफेरा शांत, एका जागी राहणारी, भरपूर मध देणारी. उबदार हवेत तिची राणी जवळजवळ वर्षभर अंडी घालते. पण वर्षभर पिलावळ म्हणजे कोळ्याला वर्षभर पंगत. अवघ्या नऊ वर्षांत, १९७१ साली, अटवाल आणि गोयल यांना ट्रोपिलिलॅप्सने पोखरलेल्या पेट्यांबद्दल शोधनिबंध लिहावा लागला. व्हरोआही मागोमाग आला आणि २००४ नंतरच्या काही वर्षांत उत्तर भारतातल्या मेलिफेरा पेट्यांची त्याने दाणादाण उडवली.

व्हरोआचे गणित समजून घेण्यासारखे आहे. त्याची मादी अळीच्या घरात शिरते ती माश्या त्यावर मेणाचे झाकण लावायच्या थोडेसे आधी. झाकण लागल्यावर साधारण अडीच-तीन दिवसांनी ती पहिले अंडे घालते. त्यातून नर निघतो. त्यानंतर तीसेक तासांच्या अंतराने एकेक मादी-अंडे. ही पिले आईने कोशाला पाडलेल्या एकाच छिद्रातून पोट भरतात आणि बंद घरातच भावाबहिणींचे मीलन होते. कामकरी मेलिफेरा माशी झाकणाखाली बारा दिवस असते, नर माशी दोन-तीन दिवस जास्त. एवढ्या जास्तीच्या मुदतीत आणखी लेकी तयार होतात, म्हणून व्हरोआला नरांची घरे विशेष प्रिय.

थंडीत मरण

उन्हाळ्यात ठणठणीत दिसणारी वसाहत हिवाळ्यात एकाएकी का मरते, हे कोडे थंड देशांतल्या मधपाळांना पुष्कळ काळ छळत होते. व्हरोआ युरोपात पसरला तो विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात. पश्चिम जर्मनीत तो १९७७ साली सापडला, अमेरिकेत १९८७ साली, ब्रिटनमध्ये १९९२ साली. ऑस्ट्रेलियाने पुष्कळ वर्षे वेशीवर अडवून धरला, पण २०२२ साली न्यूकॅसल बंदराजवळच्या पेट्यांमध्ये तो निघालाच आणि पुढच्याच वर्षी त्याचे उच्चाटन करण्याचा नाद सरकारला सोडून द्यावा लागला.

थंड प्रदेशातली माशी वर्षातून दोन वेगवेगळी आयुष्ये जगते. उन्हाळी कामकरी माशी पाच-सहा आठवड्यांत झिजून मरते. पण शरदात जन्मलेल्या माश्यांना वसंतापर्यंत, म्हणजे पाच-सहा महिने तग धरायचा असतो. त्या बाहेर हिंडत नाहीत. राणीला मधे घेऊन गोळा करून बसतात, पंखांचे स्नायू थरथरवून ऊब निर्माण करतात आणि साठवलेला मध थोडा थोडा खातात. एवढे दीर्घायुष्य त्यांना मिळते ते पोटातल्या चरबीपिंडामुळे. प्रथिनांचा साठा, रोगप्रतिकार, विषांचा निचरा ही सगळी कामे हा अवयव करतो.

आणि व्हरोआ नेमका त्याच्यावरच जगतो. तो माशीचे रक्त शोषतो असे वर्षानुवर्षे पुस्तकांत छापले जात होते. सॅम्युएल रॅम्झी आणि सहकाऱ्यांनी २०१९ साली दाखवून दिले की त्याचे मुख्य खाद्य चरबीपिंड आहे. शिवाय तो पंख मुरडून टाकणारा विषाणू एका माशीतून दुसरीत सोडत जातो. म्हणजे ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये पोळ्यात कोळी माजले असतील तर हिवाळी माश्या जन्मतःच पोखरलेल्या निघतात. पेटीत मध शिल्लक आणि मूठभर मेलेल्या माश्या तळाशी, असे दृश्य फेब्रुवारीत दिसते. मारलेले असते उन्हाळ्याच्या शेवटी.

थंडीचा एक फायदाही आहे. हिवाळ्यात राणी अंडी घालायची थांबते, त्यामुळे ट्रोपिलिलॅप्सचा तिथे निभाव लागणार नाही असे मानले जात असे. व्हरोआला मात्र ही आडकाठी नाही. तो मोठ्या माशीच्या पोटाखालच्या खवल्यांत शिरून महिनोन्‌महिने तग धरतो.

सातेरीचा रिवाज

महाबळेश्वर साडेचार हजार फुटांवर. हिवाळ्यात वेण्णा तलावाच्या काठी, लिंगमळ्याच्या बाजूला गवतावर दवाचे हिमकण होतात आणि वर्तमानपत्रांत त्यांचे फोटो येतात. या हवेत पिढ्यान्‌पिढ्या पाळली जाते ती सातेरी. खादी ग्रामोद्योग मंडळाचे मध संचालनालय इथेच आहे आणि जवळच्या मांघर गावाला मे २०२२ मध्ये ‘मधाचे गाव’ म्हणून मान मिळाला. जांभूळ, हिरडा, गेळा आणि सात-आठ वर्षांतून एकदाच फुलणारी कारवी, असा इथल्या मधाचा पंचांगक्रम. पुण्यात १९६२ पासून केंद्रीय मधमाशी संशोधन व प्रशिक्षण संस्था आहे. त्या काळात डॉ. गो. बा. देवडीकर, चं. वि. ठकार आदी पुण्याच्या संशोधकांनी देशी माशीच्या गुणसूत्रांपासून घरटे बांधण्याच्या पद्धतीपर्यंत बारकाईने अभ्यास केला.

सातेरीच्या पेटीतही व्हरोआ असतो. पण त्याचा तिथे बोलबाला होत नाही. असे का, हे पाहायचे तर हंगामात एक चौकट उचलून नरांच्या घरांकडे बघावे. कामकरी माश्यांची झाकणे जवळपास सपाट. नरांची मात्र उंचवट्याची, जाडजूड आणि मधोमध टाचणीने टोचल्यासारखे एक भोक. असल्या एखाद्या घरात दोन-तीन मादी कोळी शिरले तर आतला नर अशक्त होतो आणि ते टणक झाकण फोडून बाहेर येण्याची ताकद त्याला राहत नाही. कामकरी माश्या त्याची सुटका करायला जात नाहीत. नर आत मरतो आणि सगळे कोळी त्याच्याबरोबर गाडले जातात. बंद घर हीच त्यांची कबर.

कामकरी अळ्यांच्या बाबतीत रिवाज वेगळा आहे. सातेरीच्या कामकरी घरांत व्हरोआची वीण सहसा होतच नाही. कोळी लागलेली कामकरी अळी लवकर मान टाकते आणि माश्या तिला ओढून बाहेर फेकतात. एका अळीचा बळी देऊन कोळ्याचे घर बसवायचे, असा हा व्यवहार. मोठ्या माशीच्या अंगावर कोळी चढला तर ती अंग हलवते, बहिणी जवळ येतात आणि जबड्याने त्याला पकडून चावतात. या सफाईवर १९८७ साली चीनमधल्या सातेरीच्या निरीक्षणांवरून बरेच लिहिले गेले. पुढच्या अभ्यासांत तिचा वाटा वाटला होता तितका मोठा नसल्याचे दिसले, पण ती सवय आहे एवढे नक्की.

शिवाय सातेरी नर वाढवते ते मुख्यतः वसाहत फुटायच्या हंगामात. बाकीचे वर्ष व्हरोआला वीण वाढवायला जागाच नाही. त्यात ती आहे तऱ्हेवाईक. पेटी हलवली, मुंग्या लागल्या, मेणकिडा झाला, फुलोरा आटला, की रातोरात घर सोडून जाते. वसाहती वारंवार फुटतात आणि प्रत्येक फुटीत पिलावळीला खंड पडतो. मेलिफेराच्या तुलनेत मध कमी, पेटी लहान, स्वभाव अस्थिर. मधपाळ तिच्या नावाने बोटे मोडतात ती या अवगुणांपायीच, आणि व्हरोआला वेसण घालणारेही बऱ्याच अंशी तेच.

गेल्या दीडशे वर्षांत युरोप-अमेरिकेत मेलिफेरा निवडली गेली ती नेमकी उलट्या कसोट्यांवर. मोठी वसाहत, न फुटणारी, न पळणारी, लवकर पिलावळ सुरू करणारी, उशिरापर्यंत ती चालू ठेवणारी. कोळ्याला विचारून माशी घडवली असती तरी याहून वेगळी झाली नसती.

रेल्वेने गेलेल्या माश्या

सातेरीला व्हरोआची ओळख युगायुगांची. मेलिफेराला ती झाली गेल्या शंभर-सव्वाशे वर्षांत. हे सोयरपण जुळले रशियाच्या पूर्व टोकाला. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीला आणि विसाव्याच्या सुरुवातीला युक्रेन आणि पश्चिम रशियातून शेतकरी कुटुंबे व्लादिवोस्तोकच्या आसपासच्या प्रिमोर्ये प्रांतात जाऊन वसली. सैबेरिया ओलांडणाऱ्या नव्या रेल्वेने त्यांनी सामानसुमानाबरोबर माश्यांची पोळीही नेली. तिथल्या जंगलात सातेरीची थंडीतली भावंडे होती आणि त्यांच्या अंगावर व्हरोआ होता. तिथल्या कडाक्याच्या थंडीत औषधाशिवाय या मेलिफेरा वसाहतींची चाळणी होत राहिली. मरायच्या त्या मेल्या.

उरलेल्यांवर अमेरिकी कृषी खात्याच्या थॉमस रिंडरर यांची नजर पडली. १९९७ साली प्रिमोर्येतल्या राण्या आणून लुइझियानातल्या एका बेटावर विलगीकरणात ठेवल्या गेल्या आणि परीक्षा झाल्यावर २००० पासून मधपाळांना दिल्या गेल्या. या ‘रशियन’ माश्यांमध्ये व्हरोआची वाढ मंद असते. परागकण आटले की राणी झटकन अंडी घालणे थांबवते, हिवाळ्यात गोळा लहान असतो आणि साठ्यावर काटकसर असते. फुलोरा परत आला की वसाहत भराभर वाढते. मोठ्या शेतांवर फेब्रुवारीतच माश्यांची फौज हवी असलेल्या बदामवाल्यांना हा स्वभाव सोयीचा नाही. थंड प्रदेशात घरच्या मधासाठी चार-दहा पेट्या ठेवणाऱ्याला तो चालतो.

स्वीडनमध्ये याहून कठोर प्रयोग झाला. बाल्टिक समुद्रातल्या गॉटलँड बेटाच्या दक्षिण टोकावर १९९९ साली इंगेमार फ्रीस आणि सहकाऱ्यांनी १५० वसाहती ठेवल्या, त्यांत व्हरोआ असल्याची खात्री केली आणि हात झटकले. औषध नाही, फुटण्यावर बंदी नाही. पहिल्या तीन वर्षांत त्यांतल्या बहुतेक मेल्या. त्यानंतर मरण्याचे प्रमाण उतरले आणि मूठभर वसाहतींनी बेटावर पाय रोवले. पुढे बार्बरा लॉक यांनी या वाचलेल्या वंशाचा अभ्यास केला तेव्हा दोन गोष्टी दिसल्या. एक, यांच्या घरांत व्हरोआची वीण कमी यशस्वी होते. दुसरी, या वसाहती आकाराने लहान, पिलावळ मर्यादित, नरांची घरे थोडी. म्हणजे स्वीडनच्या थंडीत मेलिफेरा सातेरीच्या वळणावर गेली होती.

अमेरिकेत कॉर्नेल विद्यापीठाचे टॉमस सीली यांनी हाच मुद्दा पेट्यांच्या आकारावर तपासला. काही वसाहती रानातल्या झाडाच्या ढोलीएवढ्या लहान पेट्यांत ठेवल्या आणि काही मधपाळ ठेवतात तशा मजल्यांच्या मोठ्या पेट्यांत. औषध कोणालाच नाही. २०१६ साली प्रसिद्ध झालेल्या या प्रयोगात मोठ्या पेट्यांनी मध जास्त दिला आणि व्हरोआही जास्त पोसला. लहान पेट्यांतल्या वसाहती वारंवार फुटल्या, पण जास्त संख्येने जगल्या.

चोवीस तासांची परीक्षा

सगळ्या पेट्या मरू द्यायच्या आणि उरतील त्यांचा वंश चालवायचा, हे बेटावर ठीक. ज्याचे पोट पेट्यांवर आहे त्याला ते परवडत नाही. त्यासाठी हवी गुण आधी ओळखण्याची परीक्षा.

अशी एक परीक्षा अमेरिकेतल्या मिनेसोटा विद्यापीठात मार्ला स्पिवाक यांनी रूढ केली. मिनेसोटाचा हिवाळा उणे वीस-तीस अंशांपर्यंत उतरतो, त्यामुळे तिथे टिकलेल्या वंशाला मोल आहे. परीक्षा सोपी आहे. झाकण लागलेल्या पिलावळीवर तीन इंच व्यासाची नळी टेकवून आत द्रवरूप नायट्रोजन ओततात. दीडशेच्या आसपास कोश गोठून मरतात. चौकट पेटीत परत ठेवायची आणि चोवीस तासांनी बघायची. पंचाण्णव टक्क्यांहून जास्त मेलेले कोश माश्यांनी उघडून, ओढून, घरे साफ केली असतील तर ती वसाहत ‘साफसफाई करणारी’. हा गुण आनुवंशिक आहे, हे १९६४ साली वॉल्टर रोथेनबुलर यांनी दाखवले होते. झाकण उघडण्याची सवय आणि मेलेले बाहेर काढण्याची सवय या वेगवेगळ्या असतात, काही वसाहती फक्त पहिलीच करून थांबतात.

व्हरोआसाठी यापुढची पायरी म्हणजे जिवंत कोशाच्या घरात कोळी आहे हे झाकणावरूनच ओळखणाऱ्या माश्या. जॉन हार्बो आणि जेफ्री हॅरिस यांनी लुइझियानात असा वंश निवडला. नॉर्वेत वर्षानुवर्षे औषधाशिवाय टिकलेल्या वसाहतींमध्ये आणखी एक युक्ती दिसली. माश्या झाकण उघडतात, डोकावतात आणि पुन्हा लावतात. कोश शाबूत राहतो, आत चाललेला कोळ्याचा संसार मात्र विस्कटतो.

खरी अडचण आहे लग्नाची. गायी-म्हशींत वळू निवडता येतो. मधमाशीची राणी हवेत उडते आणि दहा-वीस नरांशी मीलन करते. ते कुठल्या पेटीतून आले यावर मधपाळाचा ताबा नसतो. शेजाऱ्याच्या पेट्यांत औषधावर जगणाऱ्या माश्या असतील तर त्यांचे नरही त्याच आकाशात. म्हणून पैदास बेटावर करायची, डोंगराच्या एकट्या खोऱ्यात करायची किंवा राणीला सूक्ष्मदर्शकाखाली धरून कृत्रिम रेतन करायचे. थंड प्रदेशात यासाठी मुदतही थोडी मिळते. अंड्यापासून राणी बाहेर पडायला सोळा दिवस, मग आठवडाभराने तिला उबदार, वारा नसलेला दिवस मिळायला हवा आणि त्याच वेळी आसपास वयात आलेले नरही. उत्तरेकडे असे दिवस हाताच्या बोटांवर मोजण्याइतके. एक उन्हाळा पावसात गेला की निवडीचे एक वर्ष बुडाले.

आपल्याकडची निवड

भारतात अशी निवड एकदा नाइलाजाने झाली, तीही कोळ्याच्या नव्हे तर विषाणूच्या बाबतीत. १९९१-९२ मध्ये थाई सॅकब्रूड रोगाने केरळ, तमिळनाडू, कर्नाटकातल्या सातेरी वसाहती झपाट्याने मेल्या. काही भागांत शंभरातल्या नव्वदांहून जास्त. कन्याकुमारीकडची मधपाळी कोलमडली आणि दक्षिणेत मेलिफेरा आणण्याचा जोर तेव्हापासून वाढला. पण रानातून आणि वाचलेल्या पेट्यांतून जे वंश तगले त्यांच्यावर पुढच्या वर्षांत सातेरी पुन्हा उभी राहिली. रोगाने केलेली चाळण फुकट गेली नाही, कारण कोणीतरी वाचलेल्या वसाहती वेगळ्या ठेवल्या, फोडल्या आणि वाढवल्या.

जबलपूरच्या भागात या सगळ्याला शेतीचा आधार आहे. इथल्या जवाहरलाल नेहरू कृषी विद्यापीठात तीळ आणि रामतीळ या पिकांच्या अखिल भारतीय संशोधनाचे केंद्र आहे. रामतीळ म्हणजे महाराष्ट्रातले कारळे, खुरासणी. मंडला, दिंडोरी, छिंदवाडा या जिल्ह्यांत डोंगरउतारावरच्या हलक्या जमिनीत ते पेरतात. त्याचे फूल स्वतःच्या परागाने सहसा बीज धरत नाही, दुसऱ्या झाडाचा पराग आणून द्यायला माशी लागते. शेताशेजारच्या रानात आग्या आणि सातेरी दोन्ही आहेत. पेट्या आणून ठेवल्या तर त्या मेलिफेराच्या असतात, आणि त्यांच्याबरोबर दोन्ही कोळी येतात.

अशा मधपाळाला पहिली गरज मोजण्याची. अर्धी वाटी, म्हणजे सुमारे तीनशे माश्या, राणी नसल्याची खात्री करून जाळीच्या झाकणाच्या बरणीत घ्यायच्या, दोन चमचे पिठीसाखर टाकून बरणी घोळवायची आणि पांढऱ्या कागदावर उलटी झटकायची. साखरेबरोबर तांबूस, खेकड्यासारखे आडवे व्हरोआ खाली पडतात. माश्या साखर चाटत पेटीत परत जातात. नऊ-दहा कोळी पडले, म्हणजे शंभर माश्यांमागे तीन, तर उपाय टाळता येत नाही. भारतात फॉर्मिक आम्लाच्या वाफा आणि चौकटींच्या माथ्यावर गंधकाची भुकटी हे उपाय सांगितले जातात. ओव्यात असते ते थायमॉलही वापरतात. मध भरण्याच्या काळात यांतले काहीच वापरायचे नाही. रासायनिक पट्ट्यांवरच भिस्त ठेवण्याचा परिणाम युरोपने पाहिला आहे. १९९० च्या दशकात इटलीत अशा पट्ट्यांतल्या फ्लुव्हॅलिनेट या औषधाला दाद न देणारे व्हरोआ निपजले.

मोजणीचा दुसरा उपयोग वंश निवडायला. दहा पेट्यांतल्या ज्या दोघींत दर महिन्याला कोळी कमी पडतात त्यांच्याच अळ्यांपासून पुढच्या राण्या करायच्या, आणि जिच्यात सतत जास्त पडतात तिची राणी बदलायची. पाच-सात वर्षांत फरक दिसतो, तोही आसपासच्या मधपाळांनी हेच केले तर. सातेरी असेल तर तिला लहान पेटी द्यावी, विणीच्या हंगामात थोडे फुटू द्यावे आणि नरांची घरे कापून टाकण्याची मेलिफेराकडची पद्धत तिला लावू नये.

ट्रोपिलिलॅप्ससाठी थायलंडमध्ये एक साधा उपाय तपासला गेला. राणीला काही आठवडे जाळीच्या पिंजऱ्यात ठेवायचे. अंडी बंद, आधीची पिलावळ बाहेर पडली की पोळे रिकामे, आणि कोळी उपाशी. आग्या माशी जे पळून जाऊन साधते ते इथे राणीला कोंडून साधले जाते. २०२४ साली ट्रोपिलिलॅप्स दक्षिण रशिया आणि जॉर्जियात सापडला, तेव्हापासून युरोपातले मधपाळही या पिंजऱ्याकडे गांभीर्याने पाहू लागले आहेत. हिवाळा त्याला अडवील हा भरवसा आता तेवढा राहिलेला नाही. व्हरोआ एवढ्याने मरत नाही, पण पिलावळ नसताना सगळे कोळी उघड्यावर, माश्यांच्या अंगावर असतात आणि तेव्हा ऑक्झॅलिक आम्लाचा एकच हात पुरतो.

जबलपूरकडे यासाठी सोयीची वेळ पावसाळ्याची, कारण तेव्हा फुलोरा कमी आणि पिलावळही आटलेली. फक्त दिवसांचा हिशेब चुकवायचा नाही. रामतिळाला सप्टेंबरअखेरीस फुले येतात. अंडे घातल्यापासून कामकरी माशी बाहेर हिंडू लागेपर्यंत सहा आठवडे जातात. म्हणून जुलैत पिंजऱ्यात घातलेली राणी ऑगस्टच्या पहिल्या पंधरवड्यात मोकळी करावी लागते, आणि त्या दिवसापासून मोहरीचा फुलोरा येईपर्यंत दर महिन्याला एकदा साखरेची बरणी हातात घ्यावी लागते.